जुनी गाडी घेताय? आधी मॅट उचलून बघा

आपल्या घरांत पहिली चारचाकी बहुधा जुनीच येते. नवी गाडी म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे व्याज. व्याजाच्या वाटेला जायचे नाही असे ज्या घराने ठरवलेले असते, ते घर भिशी लावते, गरज पडली तर एखादी बांगडी मोडते आणि रोख दीड-दोन लाखांत बसेल अशी दहा-बारा वर्षांची गाडी शोधते. आम्हीही तेच केले आणि त्या निर्णयाचा मला आजही पस्तावा नाही. पस्तावा आहे तो गाडी बघायला गेलो तेव्हा खाली वाकून पाहिले नाही याचा.

२०२१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागत होते. ऑटोत बसताना-उतरताना त्यांचे हाल होत आणि परतताना तर त्यांना मान टेकवायलाही जागा नसे. बोरगाव मेघेहून दवाखाना काही फार लांब नाही, पण आजारी माणसाला दोन किलोमीटरही लांबच. नातेवाइकांच्या ओळखीतून नागपुरात एक गाडी कळली. २०१० ची, छोटी, पांढरी, पासिंग ठाण्याचे म्हणजे एमएच-०४. इंजिन गुळगुळीत, एसी थंडगार, टायर नवे, रंग तर असा की पाहणाऱ्याचा चेहरा दिसावा. आम्ही मगरिबच्या नमाजनंतर पोहोचलो होतो. गाडी नुकतीच धुतलेली होती आणि वर ट्यूबलाइट लावलेली होती. माझ्या पतींनी दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून पाहिले, कागद पाहिले. विकणारे गृहस्थ आपल्यातलेच, बोलायला गोड. त्यांनी चहा पाजला, आम्ही १,३५,००० रुपये मोजले. रात्री दहाला गाडी घरी आली आणि शेजारच्या मुलांनी हॉर्न वाजवून पाहिला.

पहिल्या पावसाळ्यात पुढच्या सीटखाली ओल आली आणि कुबट वास येऊ लागला. आम्ही अत्तराची बाटली लावली! आज हसू येते, पण तेव्हा तोच उपाय सुचला.

पुढे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये यवतमाळ रोडवर, देवळीच्या अलीकडे, टायर पंक्चर झाला. मुलगी आणि मी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. पतींनी डिकीतून जॅक काढला, दाराखाली जिथे लावायचा तिथे लावला आणि पाना फिरवायला सुरुवात केली. जॅक वर जात होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग चर्र असा आवाज आला आणि जॅकचे डोके गाडीच्या पोटात शिरले. खाली तांबूस भुकटीचा ढीग पडला आणि त्यासोबत पांढऱ्या लांबीचे तळहाताएवढे ढेकूळ. मुलगी म्हणाली, “अम्मी, गाडी बिस्किटाची आहे का?”

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे गेली. त्यांचा मुलगा माझ्याच शाळेत शिकून गेलेला, त्यामुळे ते मला मॅडम म्हणतात आणि समजावूनही वर्गात शिकवल्यासारखेच सांगतात. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, दाराखालच्या पट्टीवर पेचकसाची मूठ आपटली. टण्ण असा आवाज यायला हवा होता, आला थप्प. दुसरीकडे आपटली, पुन्हा थप्प. मग म्हणाले, “मॅडम, हा पत्रा नाही ना, पापड होय. वरून लांबी मारली, आतमंधी काहीच नाही.” त्यांनी ती पट्टी फोडली तेव्हा आतून चुरगळलेले वर्तमानपत्र निघाले. उर्दूतले, क्रिकेटचे पान. सडलेल्या भोकात कागद कोंबून त्यावर लांबी, लांबीवर घासकाम, घासकामावर रंग. हे कोणी नकळत करत नाही. कोणाच्या तरी हातांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून झालेले ते काम होते. आम्हाला विकणाऱ्याला ते ठाऊक होते की त्यालाही कोणी तसेच विकले होते, हे अल्लाहच जाणे.

आता हा गंज इतका महत्त्वाचा का, ते मिस्त्रींकडून जे कळले आणि नंतर जे वाचले त्यावरून सांगते. बोलेरो, सुमो, क्वालिस यांसारख्या गाड्यांना खाली लोखंडी चौकट असते आणि वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. आपण घेतो त्या छोट्या गाड्यांना अशी वेगळी चौकट नसते. वाकवून, जोडून पेटीसारखा केलेला पत्रा हाच त्यांचा सांगाडा. दाराखालची ती पट्टी, जिच्यावरून पाय टाकून आपण आत बसतो, तिला मी गाडीचा उंबरठा म्हणते. ती दिसायला शोभेची वाटते, पण आतून पोकळ पेटी असते आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा भार तीच वाहते. मधल्या खांबाच्या मुळाशी, या उंबरठ्याच्या जवळच, सीटबेल्टचा खालचा बोल्ट आवळलेला असतो. आमच्या गाडीत त्या बोल्टभोवतीचा पत्रा मिस्त्रींनी अंगठ्याने दाबला आणि तो दबला. दोन वर्षे माझे सासरे त्याच पट्ट्याच्या भरवशावर पुढच्या सीटवर बसून गेले होते. मला त्या क्षणी दीड लाखाची आठवणही झाली नाही.

गंजाची रीत अशी की तो बाहेरून आत जात नाही, बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काम सुरू. पोकळ पेट्यांमध्ये पाणी शिरते, बाहेर पडायच्या छिद्रांत चिखल बसलेला असतो, आत ऊन पोहोचत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो आणि फोड दिसतो. चाकाच्या कमानीवर हरभऱ्याएवढा फोड दिसला तर आत किमान रुपयाएवढे भोक तयार होत आले आहे असे समजावे. त्यात मीठ मिळाले तर विचारूच नका. खारे पाणी वीज सहज वाहून नेते आणि गंज चढणे ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाचीच क्रिया असल्याने ती कित्येक पटींनी वाढते. दिल्लीत कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या अंगणात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षांत सडला नाही, कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे त्यावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. गाडीच्या मिलिमीटरभर पत्र्याचे नशीब तसे नसते. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असला तर ठीक, नाहीतर भिस्त फक्त रंगावर. भूगावच्या पोलाद कारखान्यामुळे ‘गॅल्वनाइझ्ड’ हा शब्द आपल्या वर्धेत शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तोच तो जस्ताचा मुलामा.

आणि ही फक्त गरिबाच्या किंवा जुन्या गाडीची कथा नाही. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तिथे टोयोटासारख्या कंपनीच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चौकटी सडल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. २०१६ साली कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांबाबत समझोता केला, त्याचा अंदाजे खर्च ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असे सांगितले गेले. म्हणजे नाव मोठे आहे म्हणून पत्रा सडत नाही, असे काही नाही.

आमच्या वर्ध्याची हवा गाडीच्या पत्र्याला एरवी मानवते. चार महिने पाऊस सोडला तर कोरडे हवामान आणि पंचेचाळीसच्या पुढचा उन्हाळा. ओल टिकायला सवडच मिळत नाही. म्हणून इथली, एकाच माणसाने वापरलेली एमएच-३२ ची गाडी रंगाने कितीही फिकट असली तरी पत्र्याने चांगली निघण्याची शक्यता असते. उलट रंगाने झळकणारी गाडी किनारपट्टीची असेल तर दोनदा विचार करावा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे नंबर हा गाडीचा जन्मदाखला. ०१, ०२, ०३, ०४, ४३, ४७ ही मुंबई-ठाण्याच्या बाजूची पासिंगे, ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. अशी प्रत्येक गाडी वाईट असते असे मी म्हणत नाही. कोकणात गाडीला जीव लावणारी माणसे आहेत, दर पावसाळ्याआधी खालून कोटिंग करणारी. फक्त अशी गाडी असेल तर खालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्याहून मोठी भीती पुराच्या गाडीची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पाण्यात बुडालेली गाडी विमा कंपनी बाद ठरवते, मग ती भंगाराच्या भावात विकली जाते. कोणीतरी ती धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आणतो, आणि अशी गाडी पुराच्या गावात विकली जात नाही. ती आपल्यासारख्या लांबच्या कोरड्या गावात येते, जिथे कोणाला संशय येत नाही. ती ओळखायची एक सोपी युक्ती मिस्त्रींनी सांगितली: सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धुत नाही. तिथे चिखलाची आडवी रेघ दिसली की पाणी कुठपर्यंत आले होते ते कळते. सीट मागे सरकवून तिच्या खालच्या रुळांवर आणि स्प्रिंगांवर गंज आहे का, स्टिअरिंगखालचे स्क्रू तांबूस आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ बसला आहे का, हेही तेव्हाच बघून घ्यावे. अत्तराचा किंवा फ्रेशनरचा वास फार दरवळत असेल तर काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. खरा वास वर येतो. हे मी स्वतःच्या अत्तराच्या बाटलीवरून सांगते आहे.

इथल्याच गाड्यांचाही एक दोष आहे आणि तो आपण लक्षात घेत नाही. शेतकऱ्याच्या व्हॅनमधून युरियाची, पोटॅशची पोती जातात. पोते फाटते, दाणे मॅटखाली सांडतात आणि पहिल्या पावसाची ओल लागली की ते पत्रा खाऊ लागतात. फवारणीचा पंप मागे आडवा पडलेला असतो, तोही गळतो. आपल्या लोकांच्या ओम्नीचे आणखी एक. बकरी ईदला कुर्बानीची कातडी गोळा करायला जी व्हॅन फिरते तिच्यात ओल तर असतेच, आणि गोदामातून मीठ लावलेली कातडी पुढे गेली असतील तर मिठाचे पाणी तळात झिरपलेले असते. काम पुण्याचे आहे, पण पुढच्या वर्षी ती व्हॅन विकत घेणाऱ्याने मागचा तळ जरूर बघावा. गॅसची टाकी बसवलेली असेल तर टाकीखाली काय आहे ते दिसत नाही. तिथे खालून टॉर्च मारूनच पाहावे लागते.

तर पाहायचे कसे? सगळ्यात आधी वेळ. दिवसा जा, सकाळच्या उन्हात, आणि विकणाऱ्याला फोनवर सांगा की गाडी धुऊ नका. ओल्या पत्र्यावर सगळे रंग सारखे दिसतात. सोबत एक टॉर्च, एक छोटा चुंबक आणि बसायला जुनी चादर घ्या. चुंबक फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे उठणार नाहीत. तो दाराच्या मध्यभागी, जिथे पत्रा सहसा शाबूत असतो, तिथे लावून पाहा, म्हणजे खऱ्या पत्र्याची ओढ हाताला कळते. मग तोच चुंबक चाकाच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडांवर, उंबरठ्याच्या पट्टीवर फिरवा. जिथे तो सैल पडेल किंवा सुटून येईल तिथे खाली लांबी आहे. थोडी लांबी असणे हा गुन्हा नाही, दहा वर्षांत कोणत्या गाडीला धक्का लागत नाही! दाराच्या मधोमध असलेली लांबी बहुधा ठोकर लागल्याची असते. पण दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यांवर, दोन्ही बाजूंच्या कमानींवर सारख्याच जागी लांबी असेल तर ती ठोकर नव्हे. गाडी दोन्ही बाजूंनी एकाच जागी कशी ठोकली जाईल?

मग दारे उघडा आणि आत बसण्याऐवजी खाली बसा. मॅट उचला. वरची रबरी मॅट नव्हे, तिच्याखालचे कापडी अस्तरही. विकणारा म्हणेल, “ते चिकटवलेले आहे.” कडेची प्लास्टिकची पट्टी निघते, तिथून बोट घालून अस्तर वर करता येते. खालचा पत्रा गाडीच्या मूळ रंगाचा, कोरडा, टणक असला पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात एसी अखंड चालतो आणि त्याच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी डावीकडच्या माणसाच्या पायाशी साचते. निंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे वेगळेच दुखणे: समोरच्या काचेखालच्या खाचेत पाला-निंबोळ्या साठतात, तिथली पाणी जाण्याची वाट बंद होते आणि पावसाचे पाणी सरळ आत उतरते. आमच्या गाडीतली ओल अशीच आली होती. सावलीसाठी आम्हीच ती निंबाखाली लावत होतो, त्यामुळे निदान एवढा दोष आमचा.

बॉनेट उघडल्यावर सगळे इंजिनकडे बघतात. तुम्ही कडेला बघा, जिथे दोन्ही बाजूंना शॉकअपचे वरचे टोक गोल कपात बसलेले असते. त्या कपाभोवती फोड, तडा किंवा नवे वेल्डिंग दिसले तर गाडी सोडून द्या. तिथे खालून चाकाचा प्रत्येक धक्का येतो. बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला असतो, तो बदलता येतो, त्याची भीती नाही. चेसिस नंबर जिथे कोरलेला आहे ती जागा शोधा, कागदाशी जुळवा आणि अक्षरे गंजून पुसट झाली नाहीत ना ते बघा. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर आरसी नव्याने करायला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी. तेव्हा हा नंबर वाचता आला नाही तर पंचाईत होते.

शेवटी गाडी जवळच्या गॅरेजच्या रॅम्पवर चढवा. जो विकणारा याला तयार होत नाही त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. मिस्त्री आपला असावा, त्याने दाखवलेला नसावा. शंभर-दोनशे रुपये जास्त द्या, पण दोघांचे हितसंबंध वेगळे ठेवा. खालून दोन गोष्टी बघायच्या. एक, ब्रेकच्या तेलाची बारीक लोखंडी नळी, जी पुढून मागे जाते. ती जिथे क्लिपांनी अडकवलेली असते तिथे चिखल धरतो आणि नळी तिथेच कुजते. एरवी ती टिकते, आणि नेमका जोरात ब्रेक मारला की फुटते, कारण तेव्हाच आत सर्वाधिक दाब असतो. दुसरे, काळे कोटिंग. जुन्या गाडीखाली ताजे, चकचकीत काळे कोटिंग दिसले तर आनंद मानू नका. ज्याने गाडी जपण्यासाठी कोटिंग केले आहे त्याचे काम जुने, धुळकट आणि नेटके असते. बोल्ट आणि नळ्या त्याने झाकून सोडलेल्या असतात. ज्याने विकण्यासाठी केले आहे त्याचा फवारा बोल्टांवर, नळ्यांवर, सायलेन्सरच्या रबरांवर सगळीकडे उडालेला असतो. गाडी विकणाऱ्याची आहे तोपर्यंत पेचकसाने टोचून बघू नये. मुठीने ठोकून आवाज ऐकण्याची परवानगी मात्र मागावी.

आमच्या गाडीला दोन्ही उंबरठे कापून नवा पत्रा मारणे, पुढचा तळ बदलणे आणि ब्रेकच्या नळ्या, मिळून ३८,००० रुपये लागले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाले, “भाभी, दोन वर्षं वापरली ना? बघून घेतली होती ना?” त्यांचे म्हणणे कायद्याच्या एका नजरेने चूक नाही, हे मला नंतर कळले. १९३० च्या माल विक्री कायद्यात घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत हेच मूळ तत्त्व आहे, अपवाद पुढे येतात. त्याहून जुन्या १८७२ च्या करार कायद्यात तर फसवणुकीच्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याचा दोष माहीत आहे आणि तो गप्प राहिला, तर नुसते गप्प राहणे ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर सांगणे त्याचे कर्तव्य. लांबीखाली कागद कोंबणे हे नुसते गप्प राहणे नव्हे, दोष दडवणे आहे. पण ते कोणी केले हे सिद्ध कसे करायचे? गाड्या विकण्याचा धंदाच करणाऱ्याकडून घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. घरगुती विक्रीला तो मार्ग सहसा मिळत नाही. म्हणून निदान स्टॅम्प पेपरवर एक ओळ जरूर लिहून घ्या की गाडी पुरात सापडलेली नाही आणि तळाचा किंवा उंबरठ्याचा पत्रा कापून जोडलेला नाही. ज्याला ठाऊक आहे त्याचा हात ही ओळ लिहिताना थांबतो.

आपल्या शरीअतमध्ये हिशोब उलट आहे, आणि तो आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत असतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळून गेले, हात आत घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची गोष्ट कमी सांगितली जाते. उंट विकला जात होता, घेणारा निघालाही होता. यांनी त्याला गाठून विचारले की मांसासाठी घेतलास की सवारीसाठी? सवारीसाठी म्हणताच त्यांनी खुराला भोक असल्याचे सांगितले. घेणारा परत आला, विकणाऱ्याला किंमत कमी करावी लागली आणि तो चिडून म्हणाला की तुम्ही माझा सौदा बिघडवलात. लक्षात घ्या, उंट वासिलांचा नव्हता. ज्याला दोष माहीत आहे त्या तिसऱ्या माणसावरही सांगण्याची जबाबदारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यात आपले मिस्त्री, डेंटिंगवाले, दलाल सगळे आले. आणि दडवलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ या नावाने आहेच. शाळेत उर्दू शिकवताना मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. माप मारणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होणारी जी सूरह, अल्-मुतफ्फिफीन, तिच्यातच चौदाव्या आयतीत माणसाच्या कमाईने त्याच्या मनावर जे चढते त्याचा उल्लेख आहे, आणि उर्दू भाषांतरांत त्यासाठी शब्द येतो जंग, म्हणजे गंज.

हे सगळे मला पाठ होते. तरीही मागच्या वर्षी आमची गाडी विकायला काढली तेव्हा काय झाले ते सांगायला हवे. सासरे अल्लाहला प्यारे झाले होते, पंधरा वर्षे पुरी व्हायला काही महिने उरले होते. पहिला घेणारा आला तो तरुण, बायको आणि कडेवर लहान मूल. त्याने इंजिन ऐकले, एसी लावून पाहिला, दोन चकरा मारल्या. मॅट उचलली नाही. मी दारात उभी होते, माझे पती शेजारी. दोघांनाही माहीत होते की उंबरठ्याचा पत्रा कापून जोडलेला आहे आणि गाडीची चांगली किंमत न विचारण्यावर अवलंबून आहे. दीर आधीच म्हणाले होते, “भाभी, दुरुस्त केलाय ना? मग दोष कुठे राहिला?” त्या तरुणाने ९५,००० कबूल केले, ५,००० टोकन दिले आणि तो गेला. आम्ही काहीच खोटे बोललो नव्हतो, फक्त गप्प राहिलो होतो.

इशाच्या नमाजनंतर मी पतींना म्हटले की त्याला फोन करा. ते म्हणाले, “मीही तेच म्हणणार होतो.” आता ते खरेच म्हणणार होते की नाही, ते मी विचारले नाही. सकाळी तो आला, मी मॅट उचलून जोड दाखवला, मिस्त्रींचे बिल दाखवले. तो बराच वेळ खाली वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, “दीदी, छोटा बच्चा आहे,” आणि टोकन परत घेऊन गेला. मला वाईट वाटले, रागही आला. खरे सांगून गिऱ्हाईक गेल्याचा राग. पुढचा महिना कोणी फिरकले नाही.

दुसरा आला तो सेलूकडचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. मी सवयीने मॅटकडे हात नेला तर म्हणाला, “तुम्ही बसा मॅडम, मी पाहतो.” चादर टाकून तो गाडीखाली गेला आणि पाऊण तास खालीच होता. आमचा जोड त्याला पसंत पडला. वेल्डिंग चांगले आहे म्हणाला. ७५,००० ठरले. मग मागच्या डाव्या कमानीच्या आतून त्याने बोट फिरवले, टॉर्च मारला आणि मला बोलावून करंगळीएवढे भोक दाखवले, जे आम्हालाही माहीत नव्हते. त्याचे आणखी ३,००० कमी झाले.